पिशवीचं तोंड किती घट्ट? अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आधी ओळखणारी तपासणी आणि आपले तालुके

विश्लेषण

नोव्हेंबर उजाडला की अनेक गावं अर्धी रिकामी होतात. कोयत्याच्या टोळ्या ट्रॅक्टरवर बिऱ्हाड बांधून कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यात सहाव्या-सातव्या महिन्याच्या पोटुशी बायाही असतात. याच महिन्यात, १७ नोव्हेंबरला, जगभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एक दिवस पाळला जातो. त्या दिवशी दवाखान्यात पोस्टर लागतं, भाषणं होतात. पण फडावर, पालावर किंवा वस्तीवर कोणाच्या पोटात कळ येईल आणि दिवस भरायच्या आत बाळ बाहेर येईल, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

आता असं सांगता येईल का, यावर परदेशात आणि आपल्या देशातही काम सुरू आहे. त्यातली एक वाट म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कडकपणा मोजणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण यामागचा विचार साधा आहे. झाडावरचा आंबा पाडाला आला का, हे रंगावरून जेवढं कळतं त्यापेक्षा अंगठ्याने दाबून जास्त कळतं. तसंच इथेही.

ही तपासणी उद्या तालुक्याच्या गावात ‘नवीन मशीन आलं’ म्हणून दिसेल तेव्हा तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, पैसे मोजायचे का आणि त्याआधी सरकारी दवाखान्याकडून काय मागायचं, हे गावाला माहीत असलेलं बरं.

आकडे काय सांगतात

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मलं तर त्याला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. ३२ ते ३७ आठवड्यांतली बाळं बहुतेक वाचतात, पण त्यांना ऊब आणि दूध यासाठी मदत लागते. २८ ते ३२ मधली जास्त धोक्यात असतात. २८ च्या आतली अगदी नाजूक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे जगातलं दर पाचवं अपुऱ्या दिवसांचं बाळ आपल्या देशातलं. आपल्याकडे १०० बाळंतपणांमागे साधारण १३ अशी होतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूचं जगातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

हिशोबापुरतं एक प्राथमिक आरोग्य केंद्र घेऊ. त्याच्या गावांत वर्षाला ४०० बाळंतपणं होतात असं धरलं, तर त्यातली ५० च्या आसपास दिवस भरायच्या आत होणार. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक. हे एखाद्या घरावर आलेलं एकटं संकट नाही. नेहमी होणारी गोष्ट आहे, फक्त ती वेगवेगळ्या घरांत विखुरलेली असते म्हणून गावाला दिसत नाही.

आपल्याकडे अजून एक समज पक्का आहे. सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं जगत नाही, असं जुनी माणसं सांगतात. हे खरं नाही. बाळ पोटात जितके दिवस जास्त राहील तितकं ते वाचायची शक्यता वाढते. आठव्या महिन्याचं बाळ सातव्यापेक्षा मजबूतच असतं. या समजापायी आठव्या महिन्यात कळा आल्यावर ‘आता काही खरं नाही’ म्हणून धावपळ कमी करणारी घरं आहेत. ते बाळ वाचवायला हवं आणि वाचवता येतं.

पिशवीचं तोंड काय काम करतं

गर्भपिशवी वर रुंद आणि खाली अरुंद असते. खालचा अरुंद भाग म्हणजे पिशवीचं तोंड. नऊ महिने वरचं सगळं वजन धरून ठेवायचं, म्हणजे बाळ, पाणी, वार सगळं, आणि नेमक्या वेळेला मऊ होऊन १० सेंटिमीटर उघडायचं. धान्याच्या पोत्याचं तोंड जसं घट्ट बांधलेलं असतं तसं हे बंद असतं. पण सुतळीने नाही, स्वतःच्या मांसाच्या ताकदीने.

हे मांस बरंचसं कोलॅजन नावाच्या धाग्यांचं असतं. धागे एकमेकांत घट्ट विणलेले असले की तोंड कडक राहतं. दिवस जातात तशी वीण सैल होते, धाग्यांमध्ये पाणी शिरतं आणि तोंड मऊ पडतं. शेवटी ते आखूड होतं, पातळ होतं आणि उघडतं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मऊ पडणं, मग आखूड होणं, मग उघडणं. डॉक्टरांकडे आजवर जे माप होतं ते दुसऱ्या पायरीचं होतं. पहिली पायरी मोजता आली तर इशारा आधी मिळेल, एवढाच या नव्या तपासणीचा गाभा.

बोटापासून सोनोग्राफीपर्यंत

पिशवीचं तोंड हाताने तपासणं जुनंच आहे. १९६४ साली एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी त्याला गुण द्यायची पद्धत मांडली. तोंड किती उघडलं, किती आखूड झालं, कुठल्या बाजूला आहे, बाळाचं डोकं किती खाली आलं आणि तोंड कडक आहे, मध्यम आहे की मऊ, अशा पाच गोष्टी. आजही बाळंतपणाच्या खोलीत हे गुण देतात. अडचण अशी की ‘मऊ’ म्हणजे किती मऊ, हे तपासणाऱ्याच्या बोटावर ठरतं. एका सिस्टरला मध्यम वाटलं ते दुसऱ्या डॉक्टरला मऊ वाटू शकतं.

मग सोनोग्राफी आली. खालून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पाचव्या-सहाव्या महिन्यात ती साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते. २४ आठवड्यांच्या आत ती २५ किंवा त्याहून कमी भरली तर धोका वाढलेला समजतात.

पण या मापालाही मर्यादा आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या १० केंद्रांमधल्या २,९१५ बायांचा मोठा अभ्यास छापून आला. २४ आठवड्यांना लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी असलेल्या १०० बायांपैकी साधारण १८ जणीच ३५ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. बाकीच्या ८२ जणींचं त्या मुदतीत काही बिघडलं नाही. उलट ज्या खरोखर लवकर बाळंत झाल्या, त्यातल्या १०० पैकी सुमारे ३७ जणींचीच लांबी आधी कमी दिसली होती. बाकीच्या ६३ जणींचं माप चांगलं होतं, तरी घडायचं ते घडलं.

म्हणजे लांबीचं माप उपयोगी आहे, पण ते जास्त जणींना विनाकारण घाबरवतं आणि निम्म्याहून जास्त जणींना सोडून देतं. हीच फट भरून काढायला कडकपणा मोजायचा विचार पुढे आला.

कडकपणा मोजतात कसा

आज यासाठी मुख्य चार पद्धतींवर अभ्यास झालेला आहे. तिन्हीत सोनोग्राफी लागते, चौथीत लागत नाही.

पहिली पद्धत दाबून जाडी बघायची. सोनोग्राफीचा प्रोब नुसता टेकवून तोंडाची जाडी मोजायची, मग तोंड आणखी दबत नाही इतपत दाबून पुन्हा मोजायची. समजा आधी ३० मिलिमीटर होती आणि दाबल्यावर १८ राहिली, तर आकडा ६० टक्के. आकडा जेवढा कमी, तेवढं तोंड मऊ. ही पद्धत २०११ साली मांडली गेली. यासाठी वेगळं मशीन लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

दुसरी पद्धत रंगाच्या चित्राची. प्रोबच्या हलक्या दाबाने किंवा बाईच्या श्वासाबरोबर होणाऱ्या हालचालीने कोणता भाग किती दबतो, हे मशीन रंगात दाखवतं. पण यात ‘हा भाग त्या भागापेक्षा मऊ’ एवढंच कळतं. दाब कमी-जास्त झाला की चित्र बदलतं.

तिसरी पद्धत लहरींची. ताणलेल्या तारेवर टिचकी मारली तर थरथर लगेच पलीकडे पोचते, ढिल्या दोरीवर ती सावकाश जाते. मशीन आवाजाच्या लहरींनी मांसाला अशीच टिचकी मारतं आणि थरथर किती वेगाने गेली ते मोजतं. वेग जास्त तर कडक, कमी तर मऊ. यात आकडा मिळतो, हाताच्या दाबावर फारसं अवलंबून राहत नाही. पण अशी सोय असलेली मशीन महाग असतात आणि तोंडाच्या पुढच्या-मागच्या, आतल्या-बाहेरच्या भागाचे आकडे वेगवेगळे येतात.

चौथी पद्धत ओढून बघायची. सुई काढलेली सिरिंज बोटाच्या पेरावर टेकवून दट्ट्या ओढला की कातडी आत ओढली जाते, हे लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. मऊ कातडी लवकर वर येते, कडक असेल तर जास्त ओढावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातल्या ईटीएच विद्यापीठात यावरून एक उपकरण तयार झालं. डॉक्टर एक नळी तोंडाच्या बाहेरच्या भागाला टेकवतात, ती हवा ओढते आणि मांस ४ मिलिमीटर वर यायला किती ओढ लागली ते मिलिबारमध्ये दाखवते. जास्त ओढ लागली तर तोंड कडक. २०१३ साली या पद्धतीने १०० निरोगी बायांचं माप घेतलेला अभ्यास छापून आला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसली. तोंड मऊ पडायला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच सुरुवात होते, शेवटच्या महिन्यात नाही. पुढे याच तंत्रावरून प्रेग्नोलिया नावाचं उपकरण निघालं.

आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही

इथे थांबून विचार करायला हवा. सगळ्याच गरोदर बायांचं तोंड हळूहळू मऊ पडत असेल, तर नुसतं ‘मऊ आहे’ म्हणून काही कळत नाही. या आठवड्याला जेवढं मऊ असायला हवं त्यापेक्षा जास्त मऊ आहे का, हा खरा प्रश्न. म्हणजे आठवडे नेमके माहीत हवेत. चौथ्या महिन्याची बाई सहाव्याची समजून तपासली तर आकडा बरोबर असून निष्कर्ष चुकेल.

आणि आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना आठवत नाही. पोळ्याच्या आसपास, पंचमीच्या आधी, असं सांगितलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर बाळाच्या मापावरून आठवडे बऱ्यापैकी नेमके कळतात. सातव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीत तो अंदाज दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो.

परदेशातली सूत्रं आपल्या बायांना जशीच्या तशी लागू पडतात का, हाही प्रश्न आहे. फरीदाबादच्या टीएचएसटीआय या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने हरियाणातल्या गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २०१५ पासून ‘गर्भिणी’ नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातून भारतीय बायांच्या मापांवरून गर्भाचं वय काढायची सूत्रं तयार झाली. सूत्र बदललं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाणसुद्धा बदलतं, असं त्यात दिसलं. कडकपणाच्या मापालाही हीच गोष्ट लागू होते. झुरिकमधल्या बायांचा आकडा मराठवाड्यातल्या किंवा नंदुरबारच्या बाईला तसाच लावायचा का, हे इथल्या बायांची मापं घेतल्याशिवाय ठरणार नाही.

अजून दोन मर्यादा आहेत. ओढून मोजणारं उपकरण फक्त बाहेरच्या तोंडाचं माप घेतं, आतल्या तोंडाचं नाही. आणि प्रत्येक अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण तोंड मऊ पडल्यामुळे होत नाही. रक्तदाब वाढला, बाळाची वाढ थांबली, वार सुटली म्हणून डॉक्टरांना स्वतःच लवकर बाळंतपण करावं लागतं. जुळी असली, जंतुसंसर्ग झाला, पाणी आधी फुटलं तर कारण वेगळं. एका मापाने हे सगळं ओळखता येणार नाही.

म्हणूनच कडकपणाची तपासणी अजून सरसकट सगळ्या गरोदर बायांसाठी सांगितली जात नाही. ती आशादायक आहे, अभ्यासाच्या टप्प्यात आहे. उद्या कोणी ‘ही तपासणी करा म्हणजे बाळाची गॅरंटी’ असं सांगून पैसे मागत असेल, तर तसं कोणीच सांगू शकत नाही हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

धोका कळला, मग पुढे काय

तपासणीचा उपयोग पुढच्या इलाजावर ठरतो. पाऊस कधी येणार हे कळलं आणि बियाणं घरात नसलं तर अंदाज काय कामाचा?

पहिला इलाज प्रोजेस्टेरॉनचा. पोटात एकच बाळ असेल आणि पिशवीचं तोंड आखूड झालं असेल तर योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनने फायदा होतो, हे दिसलं आहे. २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात तोंडाची लांबी १० ते २० मिलिमीटर असलेल्या ४५८ बाया होत्या. औषध न मिळालेल्यांत १०० पैकी सुमारे १६ जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, औषध मिळालेल्यांत सुमारे ९ जणी. हा फायदा लांबीच्या मापावर दिसलेला आहे. फक्त कडकपणा कमी आहे म्हणून औषध दिलं तर तेवढाच फायदा होईल, हे वेगळं सिद्ध व्हावं लागेल.

याच औषधाच्या जवळचं एक इंजेक्शन अमेरिकेत २०११ पासून मंजूर होतं, दर आठवड्याला देत. पुढच्या मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मंजुरी काढून घेतली. बारा वर्षं दिलेलं औषधही पारखून बघावं लागतं, एवढा धडा यातून घ्यायचा. मेडिकलमधून आपल्या मनाने काही आणून घेऊ नये.

दुसरा इलाज टाक्याचा. ‘पिशवीला टाका घातला’ असं आपल्याकडे म्हणतात, तो. या टाक्याचं नाव जगभर ‘शिरोडकर टाका’ आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत काम करत होते. १९५५ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया मांडली. पुढे १९५७ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सांगितला. आज दोन्ही वापरतात. ज्या काळी मांसाची ताकद मोजायचं कुठलंच यंत्र नव्हतं, त्या काळी एका मराठी-कोकणी मातीतल्या डॉक्टरने ‘तोंड कमजोर असेल तर बाहेरून आधार द्या’ असा विचार केला. आज शास्त्रज्ञ ती कमजोरी आकड्यात पकडायचा प्रयत्न करत आहेत. टाका सगळ्यांना लागत नाही. आधी दिवस पडलेले किंवा लवकर बाळंतपण झालेलं आणि आता तोंड आखूड होतंय, अशांना डॉक्टर तो सुचवतात.

तिसरा इलाज बाळाच्या फुफ्फुसांसाठी. लवकर बाळंतपण होणारच असं दिसलं तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. २४ ते ३४ आठवड्यांत, १२ तासांच्या अंतराने चार. त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. दूर पाठवायच्या आधी पहिला डोस एएनएम सिस्टरने द्यावा, अशी तरतूद केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

नागपूरच्या गावांतला धडा

याच इंजेक्शनाची गोष्ट सांगते की आधी ओळखणं एवढं महत्त्वाचं का आहे.

सहा देशांत एक मोठा अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. भारतातल्या त्याच्या दोन जागांपैकी एक नागपूर, दुसरी बेळगाव. गावपातळीवर जास्तीत जास्त बायांपर्यंत हे इंजेक्शन पोचवलं तर बाळं वाचतील, असा अंदाज होता. झालं उलटं. जिथे ही मोहीम राबवली तिथे लहान बाळांच्या मृत्यूत घट झाली नाही आणि एकूण नवजात बाळांचे मृत्यू थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच बाया मुळात लवकर बाळंत होणारच नव्हत्या. आठवडे नेमके माहीत नव्हते, आणि बाळ झाल्यावर लागणारी काळजी सगळीकडे नव्हती.

त्यानंतर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा दुसरा अभ्यास आला. त्यातही भारत होता. या वेळी इंजेक्शन दवाखान्यात, सोनोग्राफीने आठवडे नक्की करून आणि बाळाची सोय असलेल्या ठिकाणीच दिलं. २,८५२ बायांच्या या अभ्यासात साधारण २५ बायांना इंजेक्शन दिल्यावर एक बाळ जास्त वाचलं.

औषध तेच होतं, सुईही तीच. फरक पडला तो योग्य बाई, योग्य वेळ आणि योग्य जागा यांचा. कडकपणाची तपासणी पुढे पक्की ठरली तर ती ‘योग्य बाई’ आणि ‘योग्य वेळ’ शोधायला मदत करील. ‘योग्य जागा’ मात्र कोणतंही मशीन देत नाही. ती सरकारने बांधायची आणि लोकांनी मागायची गोष्ट आहे.

आपल्या तालुक्यात हे बसतं कुठे

खालून केलेली सोनोग्राफी हे आजचं पक्कं माप. ती करायला मशीन आणि शिकलेला डॉक्टर दोन्ही लागतात. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी असते आणि ते गाडीत घालून गावोगाव फिरवता येत नाही. मुलींचा जीव वाचवायला तो कायदा लागतोच, त्यात ढिलाई नको. पण त्याचा एक परिणाम असा की बाईलाच मशीनपर्यंत जावं लागतं.

ओढून मोजणाऱ्या उपकरणात चित्र दिसत नाही, त्यामुळे बाळ मुलगा की मुलगी हे त्यात कळायचा प्रश्नच नाही. म्हणून असं उपकरण पुढे उपयोगी ठरलं तर ते ग्रामीण भागाला जास्त सोयीचं पडू शकतं. पण आधी आपल्या बायांवर अभ्यास होऊन ते खरं काम करतं हे दिसायला हवं.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचं दुखणं वेगळंच. तपासणी गावात सुरू होते, सातवा महिना दुसऱ्या जिल्ह्यात लागतो आणि कार्ड पेटीत राहतं. पहाटे फडावर, डोक्यावर मोळी, गाडी भरायची. जड काम आणि तासन्‌तास उभं राहणं याने लवकर बाळंतपणाचा धोका काही प्रमाणात वाढतो. दुसरीकडे, दिवस राहिले म्हणून बाईला खाटेला खिळवून ठेवल्याने लवकरचं बाळंतपण टळतं, असंही दिसलेलं नाही. हलकं काम, चालणं चालतं. मोळी वाहणं चालत नाही. पण उचल घेतलेली असताना हे मुकादमाला सांगायचं कोणी?

यंत्राची वाट न बघता आज करता येईल असं

पाळी चुकली की तारीख लिहून ठेवायची आणि तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी झाली का, हे विचारायचं. लघवीतला जंतुसंसर्ग हे लवकर कळा यायचं एक कारण आहे आणि तो साध्या गोळ्यांनी बरा होतो.

आधी लवकर बाळंतपण झालं असेल, दिवस पडले असतील, जुळी असतील किंवा पिशवीच्या तोंडावर काही शस्त्रक्रिया झाली असेल तर ते न लाजता सांगायचं. ‘माझ्या पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायला हवी का?’ असा प्रश्न डॉक्टरला विचारायचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

मिशरी बंद करायची. मुंबईत १,२१७ बायांवर झालेला अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात बिनधुराची तंबाखू, मुख्यतः मिशरी, वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. यंत्र न घेता, पैसा न घालता बंद करता येणारी ही एक गोष्ट.

धोक्याच्या खुणा सासू, नवरा, जाऊ सगळ्यांना माहीत हव्यात. दिवस भरायच्या आत पोट पुन्हा पुन्हा घट्ट होणं, कंबर खालून भरून येणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, खाली दाब वाटणं. असं झालं तर गरम पाण्याने शेकत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि जिथे नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे तिथेच न्यायचं. बाळ पोटात असताना पोचलेलं बरं, कारण बाळासाठी आईच्या पोटासारखी ॲम्ब्युलन्स दुसरी नाही.

आणि बाळ झालंच, तर त्याला आईच्या उघड्या छातीला लावून ठेवायचं. २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. हे दवाखान्याच्या देखरेखीत करायचं.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

नवं तंत्र येईल तेव्हा येईल. तोवर गावाच्या आरोग्य समितीने आणि रुग्ण कल्याण समितीने पाच गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ होईल.

आपल्या आरोग्य केंद्राखाली गेल्या वर्षात ३७ आठवड्यांच्या आत किती बाळं जन्मली आणि त्यातली किती घरी आली?

पहिल्या तीन महिन्यांत किती बायांची सोनोग्राफी झाली, आणि बाकीच्यांची का नाही झाली?

ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात पिशवीच्या तोंडाची लांबी मोजणारा डॉक्टर कोणत्या दिवशी असतो?

उपकेंद्रात डेक्सामेथासोन आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, आणि सिस्टरला ते कधी द्यायचं याचं शिक्षण झालंय का?

टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बायांची यादी कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला कळवली जाते का?

या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर आली तर तालुक्यात कडकपणा मोजणारं मशीन आल्यावर त्याचं काय करायचं हे आरोग्य केंद्राला ठाऊक असेल. उत्तरं आली नाहीत, तर मशीन आलं तरी ते एखाद्या खोलीत प्लास्टिकखाली झाकून राहील आणि फडावरच्या बाईला कळा आल्या तर तिच्याजवळ तेव्हाही कोणी नसेल.